‘इतर’ नावाचा रकाना

दिवाळी अंकाचे संपादक जूनमध्ये नामवंतांना पत्रं पाठवतात, ऑगस्टमध्ये ओळखीच्यांना फोन करतात आणि सप्टेंबर संपत आला की त्यांना कुणीही चालतो. मला फोन आला तो सप्टेंबर संपताना.

“ब्लूजवर लिहाल का? म्हणजे ब्लूजच्या गाण्यांत जे विषय सारखे सारखे येतात, त्यांच्यावर. दोनेक हजार शब्द,” संपादक म्हणाले. त्यांचे नेहमीचे पाश्चात्त्य संगीतवाले ऐन वेळी अडचणीत आले होते. मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांना अमेरिकेला जावं लागलं होतं.

आता एवढा जाणता माणूस माझ्याकडेच का वळला, याचं कारण एक फोटो. २०११ साली मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा मोठा महोत्सव झाला, त्यात बडी गाय गायला आला होता, आणि माझ्या भाच्याकडे एक पास उरला होता. लुइझियानात वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या घरातला हा माणूस, तेव्हा पंचाहत्तरीला आलेला. वाजवता वाजवता गिटार घेऊन थेट लोकांत घुसण्याबद्दल जगभर प्रसिद्ध. त्या रात्री तो आमच्या रांगेपर्यंत आला की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण मी बटाटेवडा कुठे मिळतो ते शोधत होतो. पण भाच्याने स्टेजच्या पार्श्वभूमीवर माझा डोळे मिटलेला एक फोटो काढला, आणि तो मी हौसेनं व्हॉट्सॲपला लावला. डोळे फ्लॅशमुळे मिटले होते. लोकांना ती समाधी वाटली.

मी “लिहितो की” म्हणालो. मला फोनवर नाही म्हणता येत नाही. याच एका कारणानं मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे.

माझी उभी हयात बँकेच्या कर्जखात्यात गेली असल्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला काहीच सुचत नाही. फुलस्केप वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर मथळे घातले: प्रेमभंग, रेल्वे, दारू, तुरुंग, सैतान, आहार, प्राणी, आणि कोपऱ्यात अगदी चिंचोळा, ‘इतर’. गाणं ऐकायचं, योग्य त्या रकान्यात एक खूण करायची, शेवटी बेरीज मारायची, आणि ज्या विषयाची बेरीज जास्त तो लेखात पहिला. पद्धत इतकी निर्दोष होती की मी ती बायकोला समजावून सांगायला स्वयंपाकघरात गेलो. “आधी गाणी ऐकणार ना?” एवढंच तिनं विचारलं.

पहिल्याच गाण्यात पद्धत गडगडली. माणूस सकाळी उठतो (या गाण्यांत माणसं फार करून सकाळीच उठतात, आणि उठल्यावर काहीतरी गेलेलं असतं), बायको पहाटेच्या गाडीनं निघून गेलेली, ती गेली कारण हा प्यायलेला, हा प्यायलेला कारण आत्ताच तुरुंगातून सुटलेला, आणि हे सगळं तो दारात कुत्रं रडत असताना सांगतो. तीन मिनिटांत पाच खुणा. माझ्या वहीत गाणी कमी आणि विषय जास्त भरायला लागले, आणि आडवी बेरीज उभ्या बेरजेला जुळेना. बँकेत अशा वेळी आम्ही दारं लावून बसायचो.

त्यात आमच्या घरात स्पीकर एकच, आणि तो दिवाणखान्यात. आई तिथंच बसते. पहिल्या दिवशी तिनं “कुणाचं गेलंय का रे?” असं हळूच विचारलं. मग तिची वेगळी तक्रार सुरू झाली. “हा एकदा सांगितलेलं परत का सांगतो? आपण बहिरे आहोत का?”

मी लगेच खुर्ची ओढून तिला शिकवायला बसलो. म्हटलं, आई, हा ब्लूजचा साचाच आहे. बारा मात्रागटांचं एक आवर्तन. पहिली ओळ म्हणायची, तीच थोडी इकडेतिकडे करून पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीनं त्याचं उत्तर द्यायचं. पहिल्या दोन ओळींत गाऱ्हाणं, तिसरीत मेख. दुसऱ्यांदा ओळ म्हणताना गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो. आई साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेली, लहानपणी जात्यावर बसलेली. ती म्हणाली, “हां, म्हणजे दळण सरेपर्यंत पुरवायचं.” मी जे पुस्तकातून उतरवायला एक संध्याकाळ घालवली होती, ते तिनं पाच शब्दांत उरकलं.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. दोन गाणी पुढे गेल्यावर ती म्हणाली, “हीच ओळ मघाच्या बुवानं म्हटली नव्हती का?” म्हटली होती. ते माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं, आणि त्यावर ‘ब्लूजमधील वाङ्मयचौर्य’ असा एक घणाघाती मजकूर मी लिहूनही काढला होता. कोणी कोणाची ओळ कधी ढापली याचा तक्ता जोडला होता, चोरांची नावं लाल शाईत होती. आई म्हणाली, “चोरी कसली? ओवी काय कुणाच्या बापाची असते? जिला आठवेल तिनं म्हणायची, पुढची आपली घालायची.” अभ्यासक नेमकं हेच म्हणतात: या ओळी कुणाच्याच नसतात, त्या गावोगाव हिंडत असतात, गाणारा त्यातल्या हव्या त्या उचलून आपल्या दुःखाला जोडतो. लाल शाईचं ते पान मी वहीत तसंच ठेवलंय. अक्षर फार छान आलंय.

प्रेमभंगाच्या रकान्यात मला वाटलं होतं की गिटार घेतलेले पुरुष रडताना भेटतील. भेटल्या बायका. १९२० च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथ या गायिकेनं ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, ती तबकडी धडाक्यानं खपली आणि काळी माणसंही तबकड्या विकत घेतात हा साक्षात्कार कंपन्यांना झाला. मग त्यांनी मा रेनी, बेसी स्मिथ अशा गायिका धुंडाळल्या. गिटारवाले एकांडे पुरुष तबकडीवर आले ते त्यानंतर काही वर्षांनी. आणि या बाया रडत वगैरे नाहीत हो. त्या नवऱ्याला नोटीस देतात. बेसी स्मिथचं १९२७ चं एक गाणं आहे, त्यात बाहेरख्याली पुरुषाला चाकूनं संपवून आलेली बाई न्यायाधीशासमोर उभी राहून, मला दयामाया नको, विजेच्या खुर्चीत बसवा, असं ठणकावून सांगते. भाजी निवडता निवडता आमच्या हिनं मान वर केली. “ही बाई चांगली गाते. परत लावा बरं.” मी परत लावलं. ते तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं, आणि संध्याकाळी कांदा चिरताना ती ते गुणगुणत होती. आमटीला नावं ठेवणं मी तूर्त बंद केलंय.

रेल्वेनं मात्र मला हात दिला. १९०३ च्या सुमाराची गोष्ट: डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडवाला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता, गाडी कित्येक तास लेट, त्याला पेंग आलेली. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस येऊन बसला आणि गिटारच्या तारांवर सुरी घासत, दोन रेल्वेमार्ग जिथं एकमेकांना छेदतात त्या गावी जाण्याबद्दल गाऊ लागला. हँडीनं असलं विलक्षण काही कधी ऐकलं नव्हतं. ते गाव म्हणजे मूरहेड, आणि पुढे अशी गाणी कागदावर उतरवून, छापून हँडी ‘ब्लूजचा जनक’ म्हणवला गेला. हे वाचून मला अवसान चढलं. लेट गाडीची वाट बघत स्टेशनवर पेंगणं ही या सगळ्या परंपरेतली एकच गोष्ट मला अनुभवानं येत होती, आणि त्यावर मी पानंच्या पानं लिहिली, ज्यात मिसिसिपीपेक्षा दौंड जंक्शन जास्त होतं. गाण्यांमधल्या गाड्या उत्तरेला का धावतात, हे बघायचं राहिलंच. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास काळी माणसं दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघून गेली. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं थेट शिकागो गाठता यायचं. मडी वॉटर्स हा गायक १९४३ साली तसाच गेला. त्या गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल कुणी कुरकुरलेलं मला गाण्यांत आढळलं नाही. त्यांच्या दृष्टीनं गाडी आली हेच पुष्कळ होतं.

आता आहार.

या रकान्याचा मला विशेष अभिमान होता. कारण या गाण्यांत खाण्यापिण्याची रेलचेल आहे. बो कार्टर तर केळ्याबद्दल आणि फळांच्या टोपलीबद्दल गातो. १९३७ च्या एका गाण्यात रॉबर्ट जॉन्सन लिंबाबद्दल गातो. बेसी स्मिथ जेली रोल भाजण्यातल्या स्वतःच्या हातखंड्याबद्दल छाती ठोकून बोलते, आणि १९२९ च्या ‘किचन मॅन’मध्ये एका श्रीमंत बाईचा स्वयंपाकी काम सोडून जातो तेव्हा तिचा जो जीव कासावीस होतो, तो ऐकून मला गलबलून आलं. आमच्या पोळ्यांच्या बाई गावाला गेल्या की आमच्या घरी अगदी हीच अवकळा येते. मी भारावून जाऊन ‘खाद्यसंस्कृती आणि करुणा’ असा मथळा दिला, आणि उपेक्षितांच्या जीवनात साध्या लिंबालाही कसं भावविश्व असतं यावर हळवं लिहून काढलं. ‘प्राणी’ रकान्यातही तसंच. व्हिक्टोरिया स्पायवी आणि ब्लाइंड लेमन जेफरसन दोघंही काळ्या सापाबद्दल गातात, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संस्थानांतल्या सर्पदंशाच्या समस्येवर मी एक कळकळीची तळटीप घातली.

शनिवारी सासरे आले होते. चहा झाला, आणि त्यांना माझं चाललेलं काम कळावं म्हणून मी मुद्दाम सोज्वळ गाणी निवडली: फळं, भाकरी, कॉफी दळणं. सासरेबुवा मुंडी हलवत ताल धरत होते. मी शब्दांचा अर्थ ओळीओळीला मराठीत सांगत होतो. तेवढ्यात कॉलेजातून मुलगी आली, दारात चप्पल काढता काढता थबकली, आणि पळत येऊन तिनं स्पीकरची पिनच उपटली.

“अगं, आजोबांना लिंबाचं…”

“बाबा,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “ते लिंबू नाहीये.”

मग तिनं मला आत नेऊन, माझ्याकडे न बघता, केळं, टोपली, जेली रोल, काळा साप आणि तो काम सोडून गेलेला स्वयंपाकी हे सगळं काय आहे ते थोडक्यात सांगितलं. वास्तविक मी जत्रेत तंबूबाहेर उभं राहून लावण्या ऐकत वाढलेला माणूस. लावणीतला पेरू, डाळिंब आणि उसाचा फड यांवर फळबाग म्हणून मी कधी लेख लिहिला नसता. पण इंग्रजीत कुणी काही म्हटलं की ते उदात्तच असणार, हा संस्कार आमच्या पिढीवर फार खोल झालाय. बाहेर सासरे विचारत होते, “बंद का केलं? बरं चाललं होतं.” त्यांना सगळं आधीपासून कळत होतं की काय, अशी शंका मला आजही छळते.

आहार आणि प्राणी हे दोन रकाने रद्द झाल्यावर सगळी भिस्त सैतानावर होती. रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा तर लेखकाला आयती: मध्यरात्र, चौरस्ता, सैतान येतो, गिटार लावून देतो, मोबदल्यात आत्मा नेतो. मी दणदणीत सुरुवात केली. अमावास्या, घुबड, पिंपळ घातला. मिसिसिपीत पिंपळ नाहीत असं मुलगी म्हणाली, तेव्हा पिंपळ काढला. मग कर्तव्य म्हणून १९३६ साली सॅन अँटोनिओत मुद्रित झालेलं ते चौरस्त्याचं गाणं ऐकलं, आणि त्यात सैतान कुठेच नाही. दुसऱ्या एका गाण्यात तो आहे, सकाळी येऊन दार वाजवतो, पण तिथेही सौदा वगैरे काही होत नाही. सौद्याची कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची, तीही त्याच्या भावानं सांगितलेली. रॉबर्टनं अवघी एकोणतीस गाणी मुद्रित केली, १९३८ साली सत्तावीसाव्या वर्षी तो वारला, आणि रिकाम्या जागेत लोकांनी सैतान आणून बसवला.

चौरस्त्याच्या गाण्यात आहे तो एक माणूस, संध्याकाळची वेळ, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करतोय आणि कुणी थांबत नाही. या जागी मी चांदणी चौकातला माझा अनुभव लिहिला होता. मलाही एका रात्री कुणी लिफ्ट दिली नव्हती. मग काही अभ्यासकांचं म्हणणं वाचनात आलं: त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसानं अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकट्यानं सापडणं हेच जिवावरचं संकट होतं, आणि गाण्यातली भीती त्या अंधाराची आहे. चांदणी चौकात मला कुणी थांबलं नव्हतं तेव्हा मी टपरीवर चहा प्यायलो आणि रिक्षानं घरी आलो होतो. तो परिच्छेद मी खोडला. सबंध लेखात मी स्वतःहून खोडलेला तेवढाच.

खरं सांगायचं तर माझा धंदा मला जिथं उपयोगी पडला, तो विषय मी रकान्यात धरलाच नव्हता. हिशेब. ही गाणारी माणसं बहुतेक वाटेकरी शेतकरी. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, उधारीचं दुकान मालकाचं. वर्षअखेर कापसाचं वजन मालक करणार, भाव मालक लावणार, आणि वही मालक लिहिणार. मी जन्मभर खतावण्या तपासल्या आहेत. अशी खतावणी कधी मिटत नसते, आणि ती मिटू नये म्हणूनच लिहिलेली असते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे मी शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलानातवंडांच्या खात्यावर पुढे काय बाकी निघाली, हे कळायला मला निवृत्तीनंतर चार्ली पॅटन ऐकावा लागला. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीचे बांध फुटले, ग्रीनव्हिलमध्ये काळ्या माणसांना बंदुकीच्या धाकानं बांधावरच डांबून मातीच्या गोण्या भरायला लावलं. दोन वर्षांनी पॅटननं त्या पुराचं गाणं तबकडीच्या दोन्ही बाजू भरून गायलं. त्यानंच कापसाच्या बोंडावरच्या भुंग्याचंही गाणं मुद्रित केलं. हा भुंगा १८९० च्या दशकात मेक्सिकोतून टेक्सासात शिरला आणि सगळा कापूसपट्टा खात सुटला. लेडबेलीच्या गाण्यात तर शेतकरी आणि भुंगा यांचा संवादच आहे, आणि भुंगा म्हणतो की तो राहायला घर शोधतोय. यवतमाळच्या मावसभावाला मी फोनवर हे सांगितलं, तो खदखदून हसला. मग म्हणाला, “तुह्या त्या गाण्यात अळी तरी बोलते. आमच्याकडं फक्त सावकार बोलते.” हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळेना, म्हणून ‘इतर’मध्ये घातलं.

एव्हाना सगळं ‘इतर’मध्येच जात होतं. स्लीपी जॉन एस्टेस हा टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलचा गायक, त्यानं गावातल्या वकिलावर गाणं केलं, आणि स्वतः गाडीसकट पाण्यात पडून बुडता बुडता वाचला त्यावरही केलं. ना प्रेमभंग, ना सैतान. व्हिक्टोरिया स्पायवीनं क्षयावर गाणं केलं. बुका व्हाइट पार्चमनच्या तुरुंगात राहून आला आणि त्यानं त्यावर केलं. घरभाडं, पगार, दुखणारे पाय, शेजारीण. जे त्या दिवशी घडलं ते बारा मात्रागटांत बसवलं. शेवटी मी वही आडवी धरून ‘इतर’ची रेघ ओढत ओढत पार प्रेमभंगापर्यंत नेली.

संपादकांचा रोज फोन येत होता. मी टंकलेखनाच्या भानगडीत न पडता वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, रद्द पानांवर बारीक फुली मारली आणि पाठवून दिले. फोटोत फुली दिसत नाही, हे नंतर कळलं.

अंक सुरेख निघाला आहे. जागेअभावी माझा लेख थोडा कापलाय. पूर, बांध, हिशेब, रेल्वे, चौरस्ता, आईच्या ओव्या हे गेलं. ‘खाद्यसंस्कृती आणि करुणा’ मात्र अक्षरशः जसंच्या तसं छापलंय, पाककृती विभागात, मक्याच्या करंज्या आणि बिनसाखरेचे चिरोटे यांच्या मधे, लिंबाच्या रंगीत चित्रासह. आमच्या हिच्या भिशीत ते मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. मुलगी तूर्त माझं आडनाव लावत नाही.

प्रतिसाद अपेक्षेपेक्षा फार मोठा आहे, आणि त्यासाठीच हे सविस्तर लिहिलं. वाचक भगिनींना हात जोडून विनंती: जेली रोलची कृती विचारणारी पत्रं कृपया पाठवू नयेत. तो बिनअंड्याचा होतो का, हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पोस्टकार्डावर कळवण्यासारखं नाही.